चमच्याने खायची न्याहारी

ब्राझीलमध्ये अमेझॉन नदी समुद्राला मिळते त्या भागात बेलेम नावाचं शहर आहे. तिथल्या व्हेर-ओ-पेझो बाजाराला लागून असलेल्या धक्क्यावर पहाटेच्या अंधारात बेटांवरून होड्या येतात आणि टोपल्या भरभरून काळपट जांभळी फळं उतरतात. ही असाई नावाच्या, ताडाच्या कुळातल्या झाडाची फळं. फळ जेमतेम सेंटिमीटरभर, त्यात बहुतेक बीच; गराचा पातळसा थर तेवढा खाण्याजोगा. पाणी घालून यंत्रात तो सोडवतात आणि शहरभरच्या लहान लहान दुकानांतून विकतात. तो विकायची पद्धत मोठी बोलकी आहे. गराच्या प्रती ठरतात त्या दाटपणावर. घन पदार्थ १४ टक्क्यांहून जास्त असेल तर ‘घट्ट’, ११ ते १४ असेल तर ‘मध्यम’ आणि ८ ते ११ असेल तर ‘पातळ’. जितका घट्ट, तितका महाग. घरी नेऊन लोक तो वाडग्यात घेतात, त्यात कसाव्याच्या कंदाचा भरड रवा घालतात आणि तळलेल्या माशाबरोबर किंवा सुकटीबरोबर जेवतात. कित्येक घरांत साखरेचा कणही घालत नाहीत. आज जगभरच्या कॅफेंत ‘स्मूदी बोल’ म्हणून जो रंगीत वाडगा समोर येतो, त्याचा एक थेट पूर्वज हा असा आहे: अगोड, दाट आणि पोटभरीचा.

असाईचा गर एका दिवसातच आंबू लागतो, म्हणून तो फार काळ त्या प्रदेशाबाहेर गेला नाही. गोठवून पाठवण्याची सोय झाली तेव्हा तो दक्षिणेला, रिओ द जानेरोला पोचला. तिथे जिउ-जित्सू या कुस्तीप्रकाराशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं त्या ग्रेसी कुटुंबाने आणि त्यांच्या आखाड्यातल्या मुलांनी त्याला आपलंसं केलं. पाठोपाठ समुद्रावरचे सर्फर आले. गोठलेला गर, केळं आणि ग्वारानाचं गोड सरबत एकत्र घुसळायचं, वर भाजलेल्या ओटचा ग्रॅनोला टाकायचा, असा प्रकार १९८०च्या दशकात रिओच्या किनाऱ्यावर रुळला. २००० साली सॅम्बाझोन या कंपनीने हा गर अमेरिकेत आणायला सुरुवात केली. कॅलिफोर्निया आणि हवाई इथे तो लोकप्रिय झाला, मग बालीच्या कॅफेंतून वाडग्यावर फळांच्या चकत्यांची नक्षी काढण्याची रीत पडली, मोबाइलच्या कॅमेऱ्याने ती घरोघरी पोचवली आणि असाई मागे पडून कुठल्याही फळाचा बोल होऊ लागला. गोव्यात आसगाव-हणजूणच्या कॅफेंत, पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांत तो आता पोह्या-उपम्याच्या शेजारी मेन्यूवर असतो.

या प्रवासात एक गोष्ट वाढत गेली आणि एक कमी होत गेली. वाढली ती साखर. सरबत, मध, गोड ग्रॅनोला, चॉकलेटचे तुकडे, वर आणखी मधाची धार. कमी झाला तो जेवणाचा भाव. या छोट्या पुस्तकाचा आग्रह एवढाच आहे, की ती कमी झालेली गोष्ट परत आणता येते आणि त्यासाठी असाई लागत नाही. पदार्थ दाट हवा, तो दाटपणा फळातून आलेला हवा आणि प्रत्येक घासाला दातांना काम हवं. या तीन अटी पाळल्या तर वाडगा न्याहारी होतो. सोडल्या तर तो भांड्यात ओतलेला मिल्कशेक.

चावण्याचा हा आग्रह नुसता आवडीनिवडीचा नाही. १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिस्टलच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, लगदा करून आणि रस काढून. साखर तिन्हींत सारखी. रस सर्वांत भराभर प्यायला गेला, अख्खं सफरचंद खायला सर्वांत जास्त वेळ लागला आणि पोट भरल्याची भावनाही त्याच क्रमाने होती: अख्ख्या फळाने सर्वाधिक, लगद्याने मध्यम, रसाने सर्वांत कमी. रक्तातलं इन्सुलिन रसाने आणि लगद्याने अख्ख्या फळापेक्षा जास्त वाढलं. म्हणजे मिक्सरमधून काढलेलं फळ हे रसापेक्षा बरं, पण कापून खाल्लेल्या फळाची बरोबरी ते करत नाही. बिया असलेल्या फळांवर अलीकडे झालेल्या काही लहान चाचण्यांत वाटलेल्या फळाने रक्तशर्करा अधिक वाढली नाही असंही दिसलं आहे. बिया भरडल्याने त्यांतलं काही उपयोगी बाहेर येत असावं. तरी ‘फळच तर आहे, कितीही खा’ असं म्हणायला ते पुरेसं नाही. ब्रिटनच्या आरोग्यखात्याच्या व्याख्येत तर लगदा केलेल्या फळातली साखर मुक्त साखरेतच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्या रांगेत, मोजतात, आणि रस व स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरची मर्यादा सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, जमलं तर ५ टक्क्यांखाली ठेवा असं सुचवलं. मध आणि फळांचा रस दोन्ही त्या हिशेबात धरलेले आहेत. तेव्हा ‘साखर नाही, फक्त मध’ हे वाक्य या पुस्तकात कुठेही येणार नाही.

यातून आमचा पहिला नियम निघाला: सगळं फळ मिक्सरमध्ये घालायचं नाही. एका माणसाच्या वाडग्यात २०० ग्रॅम फळ धरलं, तर १५० ग्रॅम वाटायचं आणि ५० ग्रॅम कापून वर घालायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या नमुना ताटात दिवसाला १०० ग्रॅम फळ, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आणि ३५ ग्रॅम सुका मेवा-बिया असं प्रमाण आहे. त्या मानाने २०० ग्रॅम फळ सढळच म्हणायचं. सकाळी हा वाडगा घेतला की दिवसाचं फळ त्यात आलं, संध्याकाळी पुन्हा ज्यूस नको.

दुसरा नियम प्रथिनांचा. नुसत्या फळाची न्याहारी अकरा वाजता भूक घेऊन येते, हा अनुभव नवा नाही. केळ्यात १०० ग्रॅमला प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम, पपईत त्याहून कमी. म्हणून प्रत्येक कृतीत चक्का, दही, दाण्याचं कूट, सोयाचं दूध किंवा भिजवलेले बदाम यांपैकी काहीतरी आहेच. नमुन्यादाखल एकाच वाडग्याचा हिशेब मांडते: गोठवलेलं एक मध्यम केळं, १०० ग्रॅम पिकलेली पपई (त्यातली अर्धी वाटायला, अर्धी वर), चार मोठे चमचे बिनसाखरेचा चक्का, अगदी लागलं तर दोन चमचे दूध, वर दोन मूठ राजगिऱ्याच्या लाह्या, आठ-दहा बदाम किंवा तेवढेच भाजलेले दाणे आणि चमचाभर भाजून कुटलेलं जवस. यात ऊर्जा ३५० किलोकॅलरीच्या आसपास, प्रथिनं १० ते १२ ग्रॅम आणि वरून घातलेली साखर शून्य. बाकीच्या कृती म्हणजे याच मांडणीची रूपं आहेत. फळ बदलतं, दाट करणारा घटक बदलतो, वरचा कुरकुरीत भाग बदलतो. प्रमाण फारसं हलत नाही.

आता दाटपणाकडे येऊ, कारण घरी केलेला वाडगा फसतो तो इथे. ताजं फळ, वाटीभर दूध आणि चार बर्फाचे खडे असं फिरवलं की पेला भरतो, वाडगा नाही. बर्फ म्हणजे पाणीच; तो वितळला की चव आणि पोत दोन्ही पातळ होतात. बर्फाऐवजी फळच गोठवायचं. सालीवर तपकिरी ठिपके आलेलं केळं घ्यावं. हिरव्या केळ्यात पिठूळ स्टार्च भरपूर असतो. पिकताना त्याची जवळजवळ सगळी साखर होते. ही साखर केळ्याला दगडासारखं कडक होऊ देत नाही आणि गरातलं पेक्टिन बर्फाचे बारीक कण धरून ठेवतं. म्हणून गोठलेलं केळं वाटलं की सायीचा थेंब नसताना आइस्क्रीमसारखा पोत येतो. बोटाच्या पेराएवढ्या चकत्या करून ताटात एकमेकींना न चिकटतील अशा पसरायच्या, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायच्या आणि सकाळी डब्यात भरायच्या. असा डबा दोन-तीन आठवडे सहज चालतो. आंबा, चिकू, सीताफळ, पपई यांच्या फोडी किंवा गर असाच ठेवता येतो. कलिंगड, द्राक्षं, संत्रं ही पाणीदार फळं मात्र गोठवून वाटली तर खिसलेल्या बर्फासारखी होतात. त्यांची जागा वाडग्याच्या वर.

सकाळी सकाळी गार नको, असं म्हणणारी माणसं प्रत्येक घरात असतात आणि त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण आहे. गारठ्याशिवायही दाटपणा येतो. उकडून सोललेलं रताळं, शहाळ्याची कोवळी मलई, रात्री दुधात भिजवलेले ओट, चांगला टांगलेला चक्का, यांतलं काहीही खोलीच्या तपमानाच्या फळाबरोबर वाटलं तर चमचा उभा राहतो. शहाळ्याची मलई आणि हापूस यांची जोडी तर गोठवलेल्या केळ्याचीही गरज ठेवत नाही. स्वित्झर्लंडमधले डॉक्टर माक्सिमिलियन बिर्खर-बेनर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या झुरिकच्या आरोग्यधामात रुग्णांना जे म्यूस्ली दिलं, तेही असंच होतं: सालीसकट किसलेलं सफरचंद मुख्य, भिजवलेले ओट चमचाभर, लिंबाचा रस आणि बदाम किंवा हेझलनट. आज त्या नावाने जी कोरडी पाकिटं मिळतात त्यांत प्रमाण नेमकं उलटं झालं आहे.

यंत्राबद्दल थोडं. परदेशी पुस्तकांतल्या कृती उंच काचेच्या ब्लेंडरसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे मिक्सर असतो, आणि या कामाला तो काकणभर सरसच आहे. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने १९६०च्या दशकात ‘सुमीत’ बाजारात आणला तो भिजवलेले तांदूळ, सुक्या मिरच्या आणि ओलं खोबरं वाटता यावं म्हणून. परदेशी यंत्रांच्या मोटारी त्या कामाला टिकत नव्हत्या. गोठलेलं फळ त्याच तोडीचं कडक. एका माणसापुरता वाडगा करायचा तर मोठं भांडं नको, चटणीचं भांडं घ्यावं. तळाला चक्का, त्यावर मऊ फळ, सर्वांत वर गोठलेल्या चकत्या. बटण डावीकडे वळवून थांबत थांबत फिरवायचं, दोन-तीनदा बंद करून कडेचं खाली लोटायचं. सलग फिरवलं तर मोटर तापते आणि तिच्या उष्णतेने फळही वितळतं. पातं अडलं की हात दुधाकडे जातो. त्याऐवजी पाच मिनिटं थांबावं, चकत्या जरा सैल होतात. मोटर मध्येच बंद पडली तर घाबरू नये. प्लग काढावा, मिक्सर निवू द्यावा, मग तळाचं लाल बटण दाबावं. वाडगा आधी फ्रीजमध्ये ठेवलेला असेल तर पोत दहा मिनिटं टिकतो, खायला तेवढे पुरतात.

पुस्तकाची मांडणी ऋतूंवर आहे, कारण महाराष्ट्रात फळांची पंगत वर्षभर उठत नाही. जळगावची केळी बारा महिने. त्यांच्यावरच निम्म्या कृती उभ्या आहेत. डिसेंबर उजाडला की महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी येते आणि मार्च-एप्रिलपर्यंत पुरते. याच दिवसांत घोलवड-डहाणूचा चिकू भरात असतो. त्याची गोडी इतकी, की बरोबर केळं घालू नये, चक्क्याचा आंबटपणा घालावा. हिवाळ्यातला पेरू जीवनसत्त्व ‘क’च्या बाबतीत संत्र्याच्या कितीतरी पुढे आहे, पण बिया दाताखाली येतात, गर गाळून रताळ्याबरोबर वाटला की फिकट गुलाबी, सुवासिक वाडगा होतो. पुरंदरचं अंजीर खट्ट्या बहारात थंडीत आणि मीठ्या बहारात उन्हाळ्यात मिळतं. ते कधी वाटू नये, चार फाका करून वर ठेवावं. एप्रिल-मेमध्ये हापूस, त्याच्या मागोमाग केसर. जूनमध्ये जांभूळ. असाईला जो रंग असतो तो अँथोसायनिन या वर्गातल्या द्रव्यांचा, आणि जांभळातही त्याच वर्गातली द्रव्यं आहेत. परदेशी भुकटीच्या चमच्याला जे पैसे पडतात त्यात पाटीभर जांभळं येतात. बिया काढून गर गोठवला की रंगाची सोय सणासुदीपर्यंत होते. पावसाळा संपता संपता बीड-बालाघाटचं सीताफळ येतं. त्याच्या बाबतीत एकच सक्त सूचना: बी एकही मिक्सरमध्ये जाता कामा नये. त्या बिया विषारी असतात, उवा मारायला त्यांची पूड वापरत आले आहेत. गर चाळणीवर हाताने सोडवावा, घाई करू नये.

काही जोड्या जुळत नाहीत आणि त्याची कारणं माहीत असलेली बरी. अननस दही-दुधाबरोबर वाटून ठेवला की कडू होतो; त्यातलं ब्रोमेलेन हे विकर दुधातली प्रथिनं तोडतं. गोठवल्याने हे विकर मरत नाही, शिजवल्याने मरतं. म्हणून अननसाला नारळाचं दूध द्यावं. किवीचंही तसंच. केळं आणि स्ट्रॉबेरी ही सगळ्यांची लाडकी जोडी, पण २०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं, की केळ्यातलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर फ्लॅव्हनॉल नावाची उपयोगी द्रव्यं शरीराला मिळू देत नाही. केळ्याच्या स्मूदीनंतर रक्तातलं त्यांचं प्रमाण ८४ टक्के कमी भरलं. कापलेलं केळं काळं पाडणारं विकर तेच. चवीसाठी ही जोडी खुशाल खावी. मात्र स्ट्रॉबेरीचा गुण पुरता हवा असेल तर तिला चक्क्यात वाटावं. आणि दूध व आंबट फळ एकत्र करू नये हा चरकसंहितेतल्या विरुद्धाहाराचा नियम ज्यांना पाळायचा आहे, त्यांच्यासाठी प्रत्येक प्रकरणात नारळाच्या दुधावरची किंवा दाण्याच्या कुटावरची एक तरी कृती ठेवली आहे. शिकरण आवडीने खाणाऱ्या घरांत हा वाद नेहमीच रंगतो. तो इथे सोडवण्याचा हेतू नाही.

वरचा भाग हा शोभेचा नाही, तिथेच चावणं आहे. विकतच्या ग्रॅनोलात साखर आणि तेल दोन्ही असतं, म्हणून पाकिटामागचा मजकूर वाचूनच तो घ्यावा. आपल्या डब्यांत त्याहून चांगलं पडलेलं असतं: राजगिऱ्याच्या लाह्या, ज्वारीच्या लाह्या, भाजलेले तीळ, सुक्या खोबऱ्याचे काप, भोपळ्याच्या बिया, भाजलेले दाणे. जवस अख्खं घातलं तर न पचताच बाहेर पडतं, ते भाजून कुटूनच घालावं आणि कुटलेलं फ्रीजमध्ये ठेवावं, नाहीतर खवट होतं. सब्जा भिजवूनच घालावा. लाह्या अगदी शेवटी, वाडगा हातात घेताना. दोन मिनिटांत त्या मऊ पडतात.

हा आहार सगळ्यांसाठी सारखा नाही. मधुमेह असेल तर केळं-आंबा-चिकू यांऐवजी पेरू, पपई, स्ट्रॉबेरी, प्रमाण निम्मं आणि चक्का दुप्पट, तेही आपल्या डॉक्टरांशी बोलून. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना पोटॅशियम मोजावं लागतं आणि एका केळ्यात ते ३५० मिलिग्रॅमच्या पुढे असतं. त्यांनी विचारल्याशिवाय यातली कृती करू नये. लहान मुलांच्या वाडग्यात अख्खे दाणे-बदाम नकोत, कूट घालावं.

पोहे, थालीपीठ, आंबोळी, घावन यांना हटवण्यासाठी हे पुस्तक नाही. त्यांची जागा पक्की आहे आणि आठवड्यातले चार दिवस तरी ती राहावी. सकाळी चूल पेटवायला वेळ नसतो, तेव्हा बिस्किटं आणि चहा किंवा बाटलीतला ज्यूस यांच्याकडे जो हात जातो, त्याच्यासमोर हा वाडगा ठेवायचा आहे. त्याची खरी तयारी रात्रीची: केळं कापून ठेवणं, दही टांगणं, बदाम भिजवणं. हे जमलं तर सकाळचं काम सात-आठ मिनिटांचं.

वाचकाने सुरुवात पपईच्या वाडग्यापासून करावी, कारण तो स्वस्त आहे आणि त्यात दाटपणाचा अंदाज येतो. दोन-तीनदा केल्यावर मोजमाप बाजूला ठेवून बाजारात त्या आठवड्यात जे फळ भरघोस आणि रास्त भावात असेल ते घ्यावं. वाटून झाल्यावर भांडं तिरकं करून पाहावं. मिश्रण आपोआप वाहत बाहेर आलं तर दूध जास्त झालं, ते पेल्यात ओतून पिऊन टाकावं आणि उद्या दोन चमचे कमी घालावं. चमच्याने खरवडून काढावं लागलं, तर पुढच्या पानांतल्या कोणत्याही कृतीला तुम्ही तयार आहात.